जीबीचा काटा कुणाच्या हातात?

सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ भारतात आला तेव्हा १२८ जीबी स्टोरेजला, म्हणजे फोनमधल्या साठवणुकीच्या जागेला, ७९,९०० रुपये पडत होते, २५६ जीबीला ८९,९०० आणि ५१२ जीबीला १,०९,९००. बाकी फोन तोच. कॅमेरा तोच, स्क्रीन तीच, बॅटरीही तीच. पहिली पायरी १०,००० ची, दुसरी २०,००० ची. भागाकार केला की दोन्हीकडे जीबीमागे साधारण ७८ रुपये. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात २५६ वरून ५१२ वर जायला १२,००० रुपये, म्हणजे जीबीमागे ४७. आणि त्या सुमारास कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात पंधरा-वीस हजारांच्या फोनचा भाव काढला, तर १२८ चा २५६ करायला दीड-दोन हजार सांगायचे. जीबीमागे बारा ते सोळा रुपये. चिपच्या जातीत आणि वेगात फरक असतो हे मान्य, पण एवढ्या भावफरकाचा हिशेब एकट्या चिपने लागत नाही.

दराच्या वादाला कोल्हापूरकर बिचकत नाही. उसाचा दर, रिकव्हरी (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण), तोडणी-वाहतुकीची कपात, यावर इथला कॉलेजात जाणारा पोरगासुद्धा अर्धा तास बोलू शकतो. तोच पोरगा मोबाइलच्या दुकानात गेला की दहा हजारांची पायरी मुकाट चढतो. त्याला भांडता येत नाही असं नाही. कशावर भांडायचं तेच त्याच्यासमोर मांडलेलं नसतं.

कंपनीने नफा कमावू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. स्टोरेजच्या पायऱ्या ही नफ्याची युक्ती आहे, आणि तिची एक चांगली बाजूही आहे. ज्याला पैशाची फिकीर नाही तो ५१२ घेतो आणि कंपनीचा बराचसा नफा त्याच्याकडून निघतो. म्हणून १२८ वाल्याला तोच कॅमेरा, तोच प्रोसेसर जरा कमी पैशात मिळू शकतो. एकच किंमत, एकच क्षमता ठेवली तर ती किंमत मधे कुठेतरी बसेल आणि सगळ्यात खालचा गिऱ्हाईक बाहेर फेकला जाईल. २०२५ मध्ये हे थोडंफार दिसलंही. आयफोन १७ मधून १२८ जीबी काढून टाकलं, सुरुवातच २५६ पासून, ८२,९०० ला. आदल्या वर्षी आयफोन १६ चा २५६ जीबी ८९,९०० ला होता, म्हणजे २५६ घेणाऱ्याचे ७,००० वाचले. पण ७९,९०० चं दार बंद झालं. ५१२ ची पायरी मात्र जागची हलली नाही, ती आयफोन १७ लाही २०,००० चीच.

आणि हो, या पायरीत सरकारही पाय ठेवून उभं आहे. मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. दहा हजारांच्या पायरीतले दीड हजार तिकडे जातात. त्यामुळे सरकार यात तटस्थ पंच आहे असं समजून कुणी चालू नये.

पायऱ्या असाव्यात हे एकदा मान्य केलं की खरा प्रश्न खालच्या पायरीचा उरतो. ती परवडावी म्हणून खाली ठेवलीय, की तिथे कुणी टिकूच नये म्हणून? एकोणिसाव्या शतकात ज्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल हेच विचारलं होतं. डब्याला छप्पर घालायला असा किती खर्च येतो? छप्पर खर्चामुळे राहिलेलं नाही, असं त्याचं उत्तर होतं. दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणाऱ्या माणसाने तिसऱ्यात बसू नये, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम उघडा ठेवलाय. गरिबाला भिजवण्यात कंपनीला रस नव्हता. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला भिजण्याचं भय दाखवायचं होतं.

फोनमधला उघडा डबा बघायचा असेल तर २०१४ चा आयफोन ६ आठवा. त्याच्या आधी १६, ३२, ६४ अशी साधी चढण होती. आयफोन ६ ला १६, ६४, १२८ अशी केली. मधली ३२ ची पायरी काढून टाकली, कारण बहुतेकांना तीच पुरली असती. १६ मात्र तशीच ठेवली, आणि आयफोन ७ येईपर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, ती चालली. त्या १६ जीबीतली मोठी जागा सिस्टीमच खाते म्हणून २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत ग्राहकांनी कोर्टात दावाही लावला होता. अमेरिकेतला भाव बघितला तर आणखी एक गंमत कळते. २०१४ मध्ये एका पायरीला १०० डॉलर होते आणि त्यात ४८ जीबी जास्त मिळत होते. २०२३ मध्येही पहिली पायरी १०० डॉलरचीच, फक्त त्यात १२८ जीबी. जीबी वाढले हे खरं, पण मधल्या काळात फ्लॅश मेमरीचे भाव त्याहून कितीतरी जास्त उतरले होते. आधी १०० डॉलर ठरतात आणि मग त्यात किती जीबी भरायचे ते ठरतं, असाच याचा अर्थ निघतो.

कुणी म्हणेल, नको तर घेऊ नका, कमी घ्या आणि कार्ड टाका. पूर्वी हेच करत होतो की. नावाजलेल्या कंपनीचं १२८ जीबीचं मेमरी कार्ड बरीच वर्षं हजाराच्या आसपास मिळत होतं. आयफोनला कार्डाची जागा कधीच नव्हती. सॅमसंगने २०१५ मध्ये गॅलेक्सी एस६ मधून ती काढली, ओरड झाल्यावर एस७ मध्ये परत दिली, आणि २०२१ च्या एस२१ पासून महागड्या एस मालिकेतून ती कायमची गेली. कारणं दोन सांगतात: कार्डाचा वेग कमी असतो आणि पाणी आत शिरतं. पहिलं कारण खरं आहे. कार्डावरून ॲप चालवणं म्हणजे वैताग. पण वर्षभराचे फोटो आणि व्हिडिओ ठेवायला कुणाला एवढा वेग लागतो? दुसरं कारण तर टिकतच नाही. एस७ ला कार्डाची जागाही होती आणि पाणी-धुळीपासून संरक्षणाचं आयपी६८ मानांकनही होतं. सिमचा ट्रे आजही आहेच, त्याच ट्रेत कार्ड बसत होतं. बिनभरवशाची कार्डं बाजारात भरपूर आहेत हे मात्र नाकारता येणार नाही. रस्त्यावर तीनशे रुपयांत ‘१ टीबी’ विकणारे आहेत, आणि त्यात साठवलेलं लग्नाचं शूटिंग नंतर उघडत नाही.

कार्ड गेलं की उरते भाड्याची खोली, म्हणजे क्लाउड: फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांवर ठेवायचे. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये २०११ साली ५ जीबी फुकट मिळत होतं, आजही ५ च मिळतं. फोनचा कॅमेरा या काळात कुठल्या कुठे गेला, फुकटची जागा तेवढीच राहिली. गूगलने आधी फोटो अमर्याद ठेवायची सवय लावली आणि १ जून २०२१ पासून तेही १५ जीबीत मोजायला घेतले. पुढे अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच आला. आता हिशेब बघा. आयफोन १५ विकला जात होता तेव्हा आयक्लाउडच्या २०० जीबीला महिना २१९ रुपये होते. वर्षाचे २,६२८. चार वर्षांचे १०,५१२. फोन घेतानाच वरची पायरी चढली असती तर १०,००० लागले असते. म्हणजे दहा हजार कसेही जाणारच, एकदम द्या नाहीतर हप्त्याने द्या.

या हप्त्याचं महत्त्व कंपनीच्या ताळेबंदात दिसतं. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ॲपलचा ढोबळ नफा वस्तूंवर सुमारे ३७ टक्के होता, आणि सेवांवर सुमारे ७४. क्लाउडचं भाडं या सेवांत येतं. मग ५ जीबीचे १५ व्हावेत म्हणून आतून कुणाची घाई असेल? तरी क्लाउडला नुसतं लुटीचं दुकान म्हणणं मला पटत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा. अल्बम गेले, संगणक गेले, पण ज्यांचे फोटो क्लाउडवर होते ते राहिले. भाडं द्यायला हरकत नाही. पण बाकीची दारं बंद करून भाड्याला लावलंय का, हे बघायला हवं. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर, जिथं घराच्या एका कोपऱ्यातच रेंज येते, तिथं तर क्लाउडवर व्हिडिओ चढवणं हा रात्रभराचा उद्योग. त्यांना फोनमधलीच जागा लागते.

इथपर्यंत महागड्या फोनचं झालं. कोल्हापुरात ते घेणारे आहेत, हप्त्यावर तर भरपूर आहेत. दहा हजारांची पायरी चोवीस हप्त्यांत महिना ४१७ होते आणि मग ती पायरी वाटतच नाही. पण जिल्ह्यात जास्त खप दहा ते वीस हजारांच्या फोनचा, आणि तिथली तक्रार वेगळी आहे. तिथे पायरी स्वस्त आहे. तिथे अंधार आहे तो आत काय आहे याबद्दल.

राजारामपुरीतल्या एका दुकानात ऐकलेलं सांगतो. कागलकडचे एक गृहस्थ इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलीला फोन घ्यायला आले होते. दुकानदार पोरगा तोंडाचा गोड. म्हणाला, “काका, १२८ घिऊ नगा, वर्सात भरतंय. दोन हजार घाला, २५६ घिऊन टाका, बघायचंच काम न्हाई.” काकांनी खोका उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, “ह्यातलं आत मोकळं किती आस्तंय?” पोरगा हसला. “त्ये चालू केल्यावर कळतंय की.” “मग चालू कर बघू.” “सील फोडल्यावर परत घेत न्हाई, काका.” मुलगी म्हणाली, “पप्पा, घ्या की, सगळे असंच घेतात.” काकांनी २५६ घेतला. दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याच्याकडे उत्तरच नव्हतं, कारण ते खोक्यावर कुठेही छापलेलं नव्हतं.

हा साधा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर असायला पाहिजे. १२८ जीबीच्या फोनमधली वीसेक जीबी जागा सिस्टीम आणि कंपनीची ॲप पहिल्याच दिवशी घेऊ शकतात. ६४ च्या फोनमध्ये हेच प्रमाण पार बोचतं. त्यातली काही ॲप काढताच येत नाहीत. वर आता पोस्टरवर ‘८ + ८ जीबी रॅम’ असं लिहायची फॅशन आलीय. त्यातले दुसरे आठ म्हणजे रॅम, म्हणजे चालू ॲपना लागणारी वेगवान तात्पुरती मेमरी, नव्हेच, तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या स्टोरेजमधलेच आठ जीबी उसने काढून रॅमसारखे वापरायचे. एका खिशातलं दुसऱ्या खिशात, आणि पोस्टरवर बेरीज! एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट की त्याहून थोडं जास्त, हा तांत्रिक वाद मी बाजूला ठेवतो. तो खरा आहे, पण फोनवाल्यासाठी किरकोळ आहे.

आणि नुसत्या आकड्याने काय होतं? स्टोरेजची जात महत्त्वाची. स्वस्त फोनमध्ये हळू चालणारं ईएमएमसी असतं, त्याहून वरच्यात वेगवान यूएफएस, आणि त्यातही २.२, ३.१, ४.० अशा पिढ्या. दोन वर्षांनी फोन रखडायला लागतो तेव्हा माणूस रॅमला शिव्या देतो, आणि बऱ्याचदा दोष या मेमरीचा असतो. महागड्या फोनमध्येही हे चालतं. गॅलेक्सी एस२३ च्या १२८ जीबी फोनमध्ये यूएफएस ३.१ होतं आणि २५६ मध्ये ४.०. एकच नाव, एकच जाहिरात, आणि स्वस्तातल्याला जागाही कमी आणि वेगही कमी. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी २५६ घेतला. किती जणांना ठाऊक होतं?

इथे मला उसाचं उदाहरण घ्यावंसं वाटतं, कारण पायरीचा दर कसा ठरावा हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणी घासून घेतलेलं नाही. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के रिकव्हरीला टनामागे ३,५५० रुपये, आणि पुढे रिकव्हरी ०.१ टक्क्याने वाढली की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जादा. ही पायरी कशाची आहे, ती एवढीच का आहे, ते आदेशात लिहिलेलं असतं. म्हणून जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत आकड्यावर भांडता येतं. रिकव्हरी कुणी मोजली, काटा कुणाचा, काटामारी झाली का, हे विचारता येतं. फोनला एफआरपी लावा असं मी म्हणत नाही. सरकारने जीबीचा दर ठरवायला घेतला तर त्या फोनचं काय होईल ते सांगायला नको. माझी मागणी काट्यापुरती आहे. दर तुमचा तुम्ही लावा, माप मात्र उघड्यावर करा.

म्हणजे काय, तर खोक्यावर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर, मोठ्या आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत पहिल्यांदा फोन चालू केल्यावर मोकळी असणारी जागा लिहायची. खाली मेमरीची जात. बारीक टायपात ‘प्रत्यक्ष उपलब्ध जागा कमी असू शकते’ हे वाक्य आजही असतं, पण कमी म्हणजे किती हे कंपनीला पक्कं माहीत असतं. फोन कारखान्यातून त्याच सॉफ्टवेअरसकट निघतो. सॉफ्टवेअर अपडेटने आकडा बदलतो ही सबब पुढे येईल. मग विक्रीच्या दिवसाचा आकडा द्या, आणि मोठ्या अपडेटच्या आधी ‘हे आणखी इतके जीबी कायमचे घेणार’ असं पडद्यावर सांगा.

अपडेटवरून आठवलं. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं. चांगली गोष्ट आहे, मनापासून. पण पिक्सेल ८ ची सुरुवात १२८ जीबीपासून होती, ना कार्डाची सोय, ना नंतर वाढवायची. सात वर्षांत सिस्टीम फुगणार, ॲप फुगणार, कॅमेऱ्याच्या फाइली फुगणार. चौथ्या वर्षी जागा संपली तर उरलेली तीन वर्षं अपडेट कुणाच्या कामाची? जी कंपनी सात वर्षांची भाषा करते तिने खालची पायरी सात वर्षांना पुरेल अशी ठेवावी, नाहीतर कार्डाची जागा परत द्यावी. या एका ठिकाणी मला माहिती छापणं अपुरं वाटतं. इथे कंपनीने स्वतःच्या शब्दाला जागायला हवं.

यावर ‘सगळी चैन आहे, कशाला हवेत एवढे जीबी’ म्हणणारेही भेटतात. त्यांनी शेतात जाऊन बघावं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढून नोंदवायचा. फोन मात्र बहुतेक वेळा आठ-दहा हजारांचा, पोराने वापरून टाकलेला, सुप्रभातच्या फुलांनी आणि तालमीतल्या कुस्त्यांच्या व्हिडिओंनी गच्च भरलेला. ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश आला की माणूस बांधावर उभा राहूनच नातवाचे फोटो पुसायला लागतो. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सुपरवायझर खराब कास्टिंगचा (ओतीव भागाचा) फोटो काढून पाठवतो, तोही याच फोनवरून. फोन भरला म्हणजे फक्त रिकाम्या वेळेची करमणूक गेली, असं आता राहिलेलं नाही.

कंपन्यांकडे सध्या आणखी एक सबब तयार आहे, आणि ती खरीही आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की चिपचे भाव चढले. फोन महाग होणार हे उघड आहे. पण भाव चढले की कंपनीसमोर दोन वाटा असतात. किंमत वाढवायची, किंवा किंमत तीच ठेवून आतला माल हलका करायचा: २५६ च्या जागी १२८, यूएफएसच्या जागी ईएमएमसी. पहिली वाट सगळ्यांना दिसते. दुसरीतला आकड्याचा बदल निदान खोक्यावर कळतो, जातीचा बदल कळत नाही. मापाची मागणी करायची वेळ म्हणूनच आत्ताची आहे.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेलंच आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ खाली बंद खोक्यावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, नग किती हे छापावं लागतं; मोबाइलच्या खोक्यावरही ते लेबल असतं. साखरेच्या, तेलाच्या पाकिटावर तर किलोमागे-लिटरमागे दरही छापून येतो. त्याच लेबलवर मोकळी जागा आणि मेमरीची जात, अशा दोन ओळी वाढवायच्या आहेत. वैधमापन शास्त्राचे निरीक्षक पेट्रोल पंपाचं माप तपासतात, किराणा दुकानाची वजनं तपासतात. या ओळी छापल्या गेल्या तर त्या ताडून बघायला त्यांना एक फोन आणि पाच मिनिटं लागतील.